'कारुशिल्पिनाम्' : संभूय व्यवहारावरील एका षष्ठीचा विचार

१. प्रस्ताव

भारतीय स्पर्धा आयोगाचे निकाल वर्तमानपत्रांत येऊं लागल्यापासून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. व्यापाऱ्यांनीं आपसांत एकमत करून भाव चढविला किंवा पाडला, तर त्यांस दंड करणारा कायदा आपल्या प्राचीन ग्रंथांत होता काय ? आयुष्यभर संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास हा प्रश्न विचारला जावा हें स्वाभाविकच आहे. त्याचीं दोन उत्तरें हल्लीं प्रचलित आहेत. व्याख्यानपीठांवरून असें सांगण्यांत येतें कीं, आजचा सारा कायदा कौटिल्यानें पूर्वींच लिहून ठेविला आहे. उलट, कायद्याच्या इंग्रजी ग्रंथांवर ज्यांचें पोषण झालें आहे ते म्हणतात कीं, जेथें राजाच भाव ठरवीत असे तेथें स्पर्धाच नव्हती. मग तिचें रक्षण कोठून असणार?

हीं दोन्ही उत्तरें मूळ वचनें समोर न ठेवतां दिलेलीं आहेत असें आमचें नम्र मत आहे. वचनें आहेत, आणि तीं स्पष्ट आहेत. परंतु त्यांतील एका पदाची षष्ठी विभक्ति कशी लावावी यावर मोठा प्रश्न अवलंबून आहे. तो असा कीं, हा दंड कोणावर पडावयाचा : भांडवल असलेल्या व्यापाऱ्यावर कीं हातांत हत्यार असलेल्या कारागिरावर ? हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. गेल्या सव्वाशे वर्षांत अमेरिकेंत व आपल्या देशांतही न्यायाधीशांस तोच प्रश्न सोडवावा लागला आहे. म्हणून प्रथम वचनें, नंतर अर्वाचीन कायद्याचा ओघ, आणि शेवटीं दोहोंचा मेळ, असा क्रम आम्ही ठेविला आहे.

२. 'संभूय' या पदाचे दोन व्यवहार

'संभूय' हें ल्यबन्त अव्यय. 'एकत्र होऊन' एवढाच त्याचा अर्थ. त्यांत स्तुतीही नाहीं व निंदाही नाहीं. धर्मशास्त्रांत मात्र हें पद दोन अगदीं विरुद्ध ठिकाणीं येतें, आणि हीच गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून सुटते.

मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'संभूयसमुत्थान' हें एक पद आहे. तेथें एकत्र येणें हा दोष नसून तो एक मान्य धंदा आहे. मनु त्याचें विवेचन यज्ञांतील ऋत्विजांच्या दक्षिणेच्या वांटणीवरून करतो. याज्ञवल्क्य तेंच तत्त्व व्यापाऱ्यांस लावतो : लाभासाठीं मिळून काम करणाऱ्या वणिजांनीं नफा व तोटा आपापल्या भांडवलाप्रमाणें, किंवा आपसांत ठरलेल्या कराराप्रमाणें, वांटून घ्यावा. ही आजची भागीदारी होय. राजानें तिचें रक्षण करावयाचें आहे.

परंतु याच व्यवहाराध्यायांत, मिताक्षरेच्या मुद्रित प्रतींचा क्रम घेतल्यास अवघे नऊ-दहा श्लोक मागें, साहसप्रकरणांत, 'संभूय' हेंच पद दोन श्लोकांच्या आरंभीं येतें आणि तेथें शेवट उत्तम साहसदंडांत होतो. साहस म्हणजे उघड बळजोरीचे गुन्हे. भावासाठीं केलेल्या एकमतास स्मृतिकारानें या वर्गांत बसविलें, ही गोष्टच त्याची दृष्टि दाखविते. एकाच अध्यायांत, हांकेच्या अंतरावर, एकत्र येणाऱ्यांस एकदां संरक्षण व एकदां दंड सांगितला आहे. तेव्हां एकत्र येणें हा अपराध नव्हे, हें उघड झालें. अपराध कशांत आहे तें 'सबाध' हें पद सांगतें : ज्या एकमतापासून दुसऱ्यास बाध पोंचतो तें एकमत दंडनीय.

आजच्या स्पर्धा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमांतही हीच विभागणी आहे. भाव ठरविणें, पुरवठा आवळणें, बाजार वांटून घेणें आणि निविदांत संगनमत करणें या चार प्रकारच्या करारांपासून स्पर्धेस बाध येतो असें कायदा गृहीत धरतो. परंतु ज्या संयुक्त उद्योगानें उत्पादनाची किंवा पुरवठ्याची कार्यक्षमता वाढते त्यास हें गृहीतक लागू होत नाहीं. येथपर्यंत व्याख्यानपीठावरील मंडळींचें म्हणणें खरें आहे. पुढें मात्र वाट दुभंगते.

३. षष्ठीचा प्रश्न

आतां मुख्य वचनांकडे वळूं. अर्थशास्त्राच्या 'कण्टकशोधन' नामक चौथ्या अधिकरणाचा दुसरा अध्याय व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण करण्याविषयीं आहे. तेथें लागोपाठ दोन सूत्रें येतात. पहिल्यांत कारु व शिल्पी यांनीं संभूय कामाचा दर्जा घसरविला, नफा उकळला किंवा खरेदी-विक्रींत अडथळा आणला, तर एक हजार पण दंड सांगितला आहे. दुसऱ्यांत वैदेहकांनीं, म्हणजे व्यापाऱ्यांनीं, संभूय माल अडवून धरला किंवा अयोग्य भावानें विकला, तर तेवढाच दंड आहे. कौटिल्याच्या तराजूंत कारागीर व व्यापारी सारखेच तोलले गेले आहेत. 'कारुशिल्पिनाम्' ही त्याची षष्ठी अपराध्यांची आहे, याविषयीं तेथें शंकेस जागा नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतींतील दोन श्लोक या दोन सूत्रांचे जणू पद्यबद्ध भाऊ आहेत. क्रम तोच, 'संभूय' तेंच, आणि दंडही त्याच मापाचा. (उत्तम साहस मनूच्या मतें १००० पण व याज्ञवल्क्याच्या मतें १०८० पण.) पहिल्या श्लोकांत 'कारुशिल्पिनाम्' हें पद जसेंच्या तसें आलें आहे, पण त्याच्या शेजारीं 'सबाध' हें पद आहे, आणि तेथेंच अन्वयाचे दोन मार्ग फुटतात. षष्ठी 'कुर्वताम्' या पदाशीं जोडली तर अर्थ होतो : जे कारु व शिल्पी एकत्र होऊन बाधक भाव ठरवितात त्यांस दंड. तीच षष्ठी 'सबाध' या पदाशीं जोडली तर अर्थ उलटतो : कारु व शिल्पी यांस बाधक होईल असा भाव जे एकत्र होऊन ठरवितात त्यांस दंड. पहिल्या अन्वयांत कारागीर अपराधी ठरतो, दुसऱ्यांत तोच पीडित. व्याकरण दोहोंसही अनुकूल आहे. अर्थशास्त्राशीं तुलना करावी तर पहिला अन्वय मूळ परंपरेस धरून दिसतो.

विज्ञानेश्वरानें दुसरा अन्वय घेतला. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६ ते ११२६) राजधानींत बसून लिहिणाऱ्या या टीकाकारानें श्लोकांत नसलेला 'वणिक्' हा कर्ता पुरविला, कारु म्हणजे रजकादि व शिल्पी म्हणजे चित्रकारादि असा खुलासा केला, आणि राजानें ठरविलेला भाव ठाऊक असूनही लोभानें त्या लोकांस पीडा करणारा निराळा भाव संगनमतानें लावणारे व्यापारी दंडास पात्र आहेत, असें सांगितलें. पुढच्या श्लोकाची टीकाही त्याच दृष्टीची आहे. तेथील 'अनर्घ' या पदाचा अर्थ तो दोन वेळां दोन तऱ्हांनीं लावतो. परदेशांतून आलेला माल व्यापारी मिळून अडवितात तेव्हां अनर्घ म्हणजे हीन मूल्य. तोच माल ते विकतात तेव्हां अनर्घ म्हणजे महाग मूल्य. खरेदी करणाऱ्यांचा कट व विक्री करणाऱ्यांचा कट हीं एकाच नाण्याचीं दोन अंगें आहेत, हें त्यानें एका पदाच्या विवरणांत दाखविलें.

सारांश, कौटिल्याच्या हातीं जो नियम कारागीर व व्यापारी या दोघांवर सारखा चालत होता, तो मिताक्षरेंत बलिष्ठांपासून दुर्बळांच्या रक्षणाचा नियम झाला. आणि मिताक्षरा हा ग्रंथ महाराष्ट्रांत केवळ पठनाचा नव्हे, तर न्यायदानाचा आधारग्रंथ होऊन बसला, हें वाचकांस सांगणें नलगे.

४. राजाचा स्वतःचा मक्ता

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, भाव राजाच ठरवीत असे. तें खरें आहे. मनूनें दर पांच दिवसांनीं किंवा दर पंधरवड्यानें अर्घ ठरविण्यास सांगितलें आहे. कौटिल्य व याज्ञवल्क्य हे दोघेही स्वदेशी मालावर शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० नफा मान्य करतात. परंतु यावरून बाजारांत स्पर्धेचा विचारच नव्हता असें ठरत नाहीं. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत एक वाद आहे : सीमेवरील अन्तपाल अधिक पीडा करतो कीं व्यापारी ? पूर्वाचार्य अन्तपालास दोष देतात. कौटिल्य उत्तर देतो कीं, व्यापारी संभूय भाव चढवून-उतरवून एका पणामागें शंभर पण मिळवितात. राजाचा भाव ठरलेला असतांही हें घडत होतें, म्हणूनच त्याच्यासाठीं निराळा दंड सांगावा लागला.

प्राचीन व्यवस्थेचें खरें वैगुण्य निराळें आहे. राजा हा न्यायाधीश होता, भाव ठरविणारा होता, आणि स्वतः व्यापारीही होता. मीठ, मद्य व खाणी यांवर त्याचा ताबा होता. आपल्या भूमींत उत्पन्न झालेला राजाचा माल एकाच मुखानें व परदेशी माल अनेक मुखांनीं विकावा, अशी व्यवस्था पण्याध्यक्षास सांगितली आहे. बाजारांत माल फार झाला म्हणजे सर्वच माल 'एकमुख' करावा, आणि तो संपेपर्यंत इतरांनीं विकूं नये, अशीही योजना आहे. या 'एकमुख' शब्दाहून मक्तेदारीस अधिक नेमका शब्द आम्हांस ठाऊक नाहीं. मनूनें तर राजाच्या राखीव मालाची परस्पर निर्यात करणाराचें सर्वस्व हरण करण्यास सांगितलें आहे.

राजाच्या या मक्त्यास कौटिल्यानें एक लगाम घातला आहे. प्रजेस उपघातक होणारा लाभ कितीही मोठा असला तरी तो टाळावा. आणि ज्या मालाची मागणी नित्य असते त्याच्या विक्रीस काळाचें बंधन घालूं नये. पण हा लगाम राजाच्याच हातांत होता. राजावर दावा लावण्याची सोय नव्हती. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनें इ. स. १६०० च्या सनदेनें मिळविलेला मक्ता या देशानें अनुभविला. हिंदुस्थानच्या व्यापारापुरता तो १८१३ सालीं व चीनच्या व्यापारापुरता १८३३ सालीं संपला. आणि तो संपविला तो पार्लमेंटनें, कोणा न्यायालयानें नव्हे.

५. अर्वाचीन कायद्याचा ओघ

अमेरिकेंत 'ट्रस्ट' या नांवाखालीं अनेक कंपन्यांचे भाग विश्वस्तांच्या हातीं देऊन एकमुखी व्यवहार करण्याची युक्ति निघाली. तिच्याविरुद्ध शर्मन यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा इ. स. १८९० मध्यें झाला. त्याच्या आधारें १९११ सालीं स्टँडर्ड ऑइल कंपनीचे ३४ तुकडे करण्यांत आले. आपल्याकडे या विचारास घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदांत प्रथम स्थान मिळालें : धनाचें केंद्रीकरण सर्वांच्या अहिताचें होऊं नये. १९६४ सालीं न्यायमूर्ति के. सी. दासगुप्त यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अहवालानंतर मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारप्रथा अधिनियम १९६९ सालीं मंजूर होऊन १ जून १९७० पासून अमलांत आला.

या अधिनियमाची दृष्टि मुख्यतः आकाराकडे होती. उद्योगसमूहाची मालमत्ता २० कोटींच्या वर गेली कीं विस्तारासाठीं सरकारची परवानगी लागे. १९८५ सालीं ही मर्यादा १०० कोटी झाली, आणि १९९१ सालीं ही पूर्वपरवानगी काढून टाकण्यांत आली. राघवन समितीच्या अहवालानंतर झालेला स्पर्धा अधिनियम २००२ हा आकारास दोष देत नाहीं. मोठें असणें अपराध नव्हे, मोठेपणाचा गैरवापर हा अपराध. एकत्र येणें अपराध नव्हे, बाधक करार हा अपराध. ही 'सबाध' पदाकडे न कळत झालेली परतफेरीच म्हणावी लागेल. करार व वर्चस्व यांविषयींचीं कलमें २० मे २००९ पासून व विलीनीकरणाविषयींचीं १ जून २०११ पासून लागू झालीं.

अंमलबजावणीचा ओघ कसा वाहिला तें दोन खटल्यांवरून समजतें. सिमेंटच्या ११ उत्पादकांस जून २०१२ मध्यें आयोगानें सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. अपील न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१५ मध्यें तो निकाल रद्द केला. त्याचें कारण भावाविषयीं नव्हतें. ज्या अध्यक्षांनीं युक्तिवाद ऐकला नव्हता त्यांनीं निकालावर सही केली होती. आयोगानें पुनः सुनावणी करून २०१६ सालीं पुनः दंड केला व तो २०१८ सालीं अपिलांत कायम झाला. शिक्षा कितीही न्याय्य असो, ती देण्याची रीति शुद्ध पाहिजे, हा धडा आयोगास महाग पडला, पण तो आवश्यक होता.

दुसरा खटला आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. कोळशाच्या खाणी १९७३ च्या कायद्यानें सरकारच्या झाल्या. कोल इंडिया ही सरकारी कंपनी आपल्या ग्राहकांवर एकतर्फी अटी लादते असें ठरवून आयोगानें २०१३ सालीं तिला १७७३ कोटी रुपयांचा दंड केला. तो पुढें फेरविचारांत ५९१ कोटींवर आला. कंपनीचें म्हणणें असें कीं, आमचा मक्ता कायद्यानेंच दिलेला व लोकहितासाठीं आहे, तेव्हां स्पर्धेचा कायदा आम्हांस लागू नाहीं. १५ जून २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें म्हणणें फेटाळलें. आकराध्यक्ष व पण्याध्यक्ष यांस त्यांच्याच राज्यांत कायद्यापुढें उभें करणारा हा निकाल आहे. कौटिल्यानें जो लगाम राजाच्या सद्बुद्धीवर सोंपविला होता तो येथें प्रथमच दुसऱ्याच्या हातीं गेला. प्राचीनांपाशीं जें नव्हतें तें हेंच. आणि तें नव्हतें असें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं.

अलीकडे ओघ पुनः वळूं लागला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगल कंपनीस दोन प्रकरणांत अनुक्रमें १३३७.७६ कोटी व ९३६.४४ कोटी रुपये दंड झाला; दुसरी रक्कम २०२५ सालीं अपिलांत सुमारें २१६ कोटींवर आली. अशा कंपन्यांबाबत अपराध घडून गेल्यावर चौकशी करण्यांत वर्षें निघून जातात, या विचारानें केंद्र सरकारच्या एका समितीनें मार्च २०२४ मध्यें निराळ्या कायद्याचा मसुदा पुढें ठेविला. त्यांत विशिष्ट आकारापलीकडच्या कंपन्यांवर आधींच बंधनें घालण्याची सूचना होती. म्हणजे १९६९ चा आकारविचार नव्या वेषांत पुनः दाराशीं आला. त्याचें स्वागत करण्यापूर्वीं, पहिल्या खेपेस २२ वर्षांनीं तो आपणच कां घालवून दिला, याचें स्मरण असावें.

६. दंडाचें प्रमाण

दंड निश्चित असावा कीं नफ्याच्या मानानें असावा ? अर्थशास्त्रांत दोन्ही रीति आहेत. संभूय कटास एक हजार पण हा ठोकळ दंड; परंतु एकट्या व्यापाऱ्यानें मान्य नफ्याच्या वर शंभर पणांमागें पांच पण अधिक काढले तर दोनशें पण, आणि भाव जसा वाढवावा तसा दंडही वाढवावा. श्रीमंत व्यापाऱ्यास हजार पण म्हणजे धंद्याचा एक खर्च वाटावा, ही ठोकळ दंडाची अडचण कौटिल्याच्या ध्यानांत असावी असें या दुसऱ्या नियमावरून दिसतें.

आजचा कायदा प्रमाणाचा मार्ग धरतो. कटाच्या प्रत्येक वर्षासाठीं नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या शेंकडा १०, यांपैकीं जें अधिक त्या मर्यादेपर्यंत दंड करतां येतो. पण कोणती उलाढाल ? हा वाद धान्याच्या कोठारांत कीड मारण्यासाठीं वापरावयाच्या गोळ्यांवरून उपस्थित झाला. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेंत तीन कंपन्यांनीं किलोस नेमका ३८८ रुपये असा एकच भाव भरला होता. कंपन्या इतरही पुष्कळ माल विकीत होत्या. म्हणून सर्वोच्च न्यायालयानें एक्सेल क्रॉप केअरच्या खटल्यांत ८ मे २०१७ रोजीं निर्णय दिला कीं, ज्या मालांत कट झाला त्याच मालाची उलाढाल धरावी. २०२३ च्या दुरुस्तीनें संसदेनें हें उलटविलें, आणि मार्च २०२४ पासून कंपनीची जगभरची उलाढाल मोजण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या मतें न्यायालयाचा मार्ग कौटिल्याच्या दुसऱ्या नियमास अधिक जवळचा होता. कारण दंडाचा संबंध अपराधानें झालेल्या लाभाशीं असावा, अपराध्याच्या इतर संसाराशीं नव्हे.

कट उघडकीस आणणारास सवलत देण्याची रीति मात्र प्राचीनांस सर्वथा अपरिचित नव्हती. अपहार झालेलें राजधन सिद्ध करून देणाऱ्या सूचकास अर्थशास्त्र सहावा हिस्सा देतें. तो सूचक चाकर असल्यास बारावा. २००९ पासून आयोगही आधीं कबुली देणाऱ्या भागीदाराचा दंड कमी करतो. तथापि साम्य ताणूं नये. कौटिल्याचा सूचक दुसऱ्याचें पाप सांगून बक्षीस घेतो. आजचा कबुलीदार स्वतःचें पाप सांगून शिक्षा चुकवितो.

७. पुनः 'कारुशिल्पिनाम्'

शेवटीं मूळ षष्ठीकडे येऊं. शर्मन यांचा कायदा मोठ्या भांडवलदारांसाठीं केला गेला. परंतु १९०८ सालीं डॅनबरी येथील टोप्या करणाऱ्या कारागिरांच्या संघावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तोच कायदा लावला. संघानें एका कारखानदाराच्या मालावर बहिष्कार घातला होता. तेथें 'कारुशिल्पिनाम्' ही अपराध्यांची षष्ठी ठरली. त्यावर १९१४ सालीं क्लेटन यांच्या कायद्यानें मनुष्याचे श्रम हा विकाऊ माल नव्हे असें जाहीर करून कामगारसंघांस त्यांच्या न्याय्य कार्यापुरतें या कायद्याच्या बाहेर काढलें. विज्ञानेश्वरानें टीकेंत जें केलें तें तेथें विधिमंडळास करावें लागलें.

आपल्या देशांतही हा प्रसंग आला. हिंदी महाभारत मालिका बंगालींत भाषांतरित आवाजासह दाखविली जाऊं लागली, तेव्हां आपलें काम बुडेल या भीतीनें पश्चिम बंगालच्या कलावंत-तंत्रज्ञांच्या समितीनें व चित्रपटव्यवसायाच्या संघटनेनें ती थांबविण्यासाठीं वाहिन्यांवर दडपण आणलें. समितीचें म्हणणें, आम्ही कामगार आहोंत, व्यापारी नव्हे. ७ मार्च २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आयोगाची बाजू उचलून धरली व अशा संयुक्त कृतीस तिसरें कलम लागू होतें असें ठरविलें. येथें आमचें मन दुभंगतें. दुसऱ्याचा माल बाजारांत येऊंच नये यासाठीं अडवणूक करणें हें मिताक्षरेच्याही मतें दंडनीयच आहे. परंतु ज्यांच्यापाशीं हातच्या कसबाखेरीज भांडवल नाहीं त्यांचें एकत्र येणें व सिमेंटच्या कारखानदारांचें एकत्र येणें एकाच मापानें मोजावें काय ? कौटिल्याचें उत्तर 'होय' असें आहे, विज्ञानेश्वराचें 'नाहीं' असें. आमचा कौल टीकाकाराकडे आहे. कारण बाध कोणी केला एवढेंच नव्हे, तर सोसण्याचें बळ कोणाचें कमी आहे, हेंही त्यानें पाहिलें.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, बाधक एकमतास दंड करणारा स्पष्ट नियम आपल्या ग्रंथांत होता व तो निर्दोष भागीदारीपासून निराळा ओळखला जात होता. दुसरी, राजाच्या स्वतःच्या मक्त्यास आवर घालणारी व्यवस्था त्या ग्रंथांत नव्हती. ती आजच्या कायद्याची खरी कमाई आहे. तिसरी, हा दंड दुर्बळांच्या रक्षणासाठीं वापरावा कीं दुर्बळांवरही सारखाच चालवावा, हा वाद आठ-नऊशें वर्षांपूर्वींच्या टीकाकारास जितका जिवंत होता तितकाच आज आहे.

विषय येथें संपत नाहीं. त्याचे कांहीं पुरावे या पृष्ठांच्या वाचकांच्याच संग्रहीं असण्याचा संभव आहे. शिलाहार राजा अपरादित्य याची अपरार्कटीका व विश्वरूपाची बालक्रीडा यांच्या हस्तलिखितांत या दोन श्लोकांचे पाठ व अन्वय कसे आहेत, तें संग्राहकांनीं ताडून पाहावें. तसेंच पेशवाईंतील कोतवाली व पेठांच्या दप्तरांत निरखाचे कागद विपुल आहेत. पण व्यापाऱ्यांनीं मिळून माल अडविला म्हणून शेटे-महाजनांकडे किंवा सरकारांत आलेली तक्रार, त्यावरील गुन्हेगारी व मसाला, असे कागद निराळे काढून छापणें अगत्याचें आहे. वऱ्हाडांतील कारंजें येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला व १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्या काळच्या अडत्यांच्या वह्या कोणापाशीं असल्यास त्याही पाहाव्या. रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारा भाव शेतकऱ्यास दिसत नसे. त्या रुमालाखालीं काय चालत होतें तें वह्यांत उतरलें असेल.

वाळवीचें काम अहोरात्र चालूं असतें. म्हणून ज्यांच्या माळ्यावर असे रुमाल बांधून पडले असतील त्यांनीं ते या पावसाळ्यापूर्वीं एकवार सोडून पाहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.